पोस्टर चिकटवणाऱ्याचं गाव

विरारहून पहाटे सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात कोण कोण असतं, याची यादी आम्हा वसईकरांना तोंडपाठ असते. दादरच्या फुलबाजाराला निघालेले शेतकरी, भाजीच्या पाट्या दाराशी रचून बसलेल्या बायका, रात्रपाळी संपवून परतणारे आणि दिवसपाळीला निघालेले वॉचमन, इस्पितळातल्या आया. याच गर्दीत आणखी एक जमात असते. पाठपिशवीच्या कप्प्यातून चामडी हातमोजे डोकावत असतात, पट्ट्याला टेपचा रोल अडकवलेला असतो आणि बोलणं चाललेलं असतं सातच्या शिफ्टचं. हे लाइटमन, सेटिंगदादा, स्पॉटदादा, ज्युनियर आर्टिस्ट. गोरेगाव-मालाडला उतरतात, रात्री याच गाडीने नालासोपारा-विरारच्या चाळीत परततात. हिंदी-मराठी पडद्याचा उजेड ज्यांच्या हातांनी लागतो, त्यांतले पुष्कळ हात आमच्याकडे झोपायला येतात.

या माणसांना मी पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं ते एका इटालियन चित्रपटात. व्हित्तोरिओ डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’, साल १९४८. त्याचा नायक अंतोनिओ रिची बेकार आहे एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. त्याला शेवटी मिळते ती नोकरी कसली, हे मात्र चटकन आठवत नाही. ती नोकरी असते भिंतींवर पोस्टरं चिकटवायची. शिडीवर चढून तो रीटा हेवर्थचं भलंमोठं पोस्टर लावत असतो, जुना कामगार त्याला सुरकुत्या कशा काढायच्या ते शिकवून गेलेला असतो, आणि हॉलिवूडच्या नटीचा कागदी गाल सरळ करता करता खाली भिंतीला टेकवलेली त्याची सायकल चोरीला जाते. डी सिकाचा नायक साधा गरीब नव्हे. तो सिनेमाच्या धंद्यातला शेवटचा हात आहे. ज्या पडद्याची जाहिरात तो करतो, त्या पडद्यावर त्याच्यासाठी जागा नाही. ती जागा डी सिकाने त्याला दिली.

अंतोनिओ राहतो तो व्हाल मेलाइना हा भाग रोमच्या उत्तरेच्या टोकाला आहे. शहर संपता संपता उभ्या केलेल्या चौकोनी इमारती, पुढे ओसाड माळ, आणि कामाच्या ठिकाणापासून इतकं लांब की सायकल नसेल तर नोकरी नाही. पहिल्या काही मिनिटांतच त्याची बायको मारिया सार्वजनिक नळावरून दोन बादल्या भरून आणताना दिसते. नालासोपाऱ्यात राहिलेल्या माणसाला या दृश्याची तळटीप लागत नाही. टँकरपुढची रांग, हंड्यांचा क्रम, जिन्यावर सांडलेलं पाणी, हे त्याला रोजचं. अंतोनिओची सायकल म्हणजे आमच्याकडचा लोकलचा पास.

म्हणून मला पडलेला प्रश्न सरळ आहे. ज्या माणसाला नायक करून एका दिग्दर्शकाने जगाच्या सिनेमाची दिशा वळवली, तो माणूस वसई-विरारमध्ये लाखांनी राहतो. मराठी सिनेमाने गेल्या वीस वर्षांत वास्तववादाच्या नावावर मोठी मजल मारली, तरी या माणसापर्यंत त्याची गाडी का पोचली नाही?

*

आधी डी सिकाचं पाहू. कारण त्याच्या कारकिर्दीची जी गोष्ट आपण सांगतो, ती फार सोवळी असते.

७ जुलै १९०१ रोजी सोरा या गावी त्याचा जन्म झाला. लहानपण नेपल्सचं. आधी नाटकातला नट, मग १९३२ च्या मारिओ कामेरिनीच्या विनोदी चित्रपटापासून पडद्यावरचा देखणा, गाणारा, हसरा नायक. त्या काळातल्या इटालियन बायका ज्याच्यावर भाळायच्या तो हा. १९४० मध्ये दिग्दर्शनाकडे वळला तेव्हा सुरुवात हलक्याफुलक्या चित्रपटांनीच केली. वळण आलं ते लेखक चेझारे झावात्तिनीशी जोडी जमल्यावर. युद्धकाळात बनलेला ‘मुलं आपल्याला पाहताहेत’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट, १९४६ चा बूटपॉलिशवाल्या पोरांवरचा ‘शूशाइन’, १९४८ चा ‘बायसिकल थीव्ज’, १९५१ चा ‘मिरॅकल इन मिलान’ आणि १९५२ चा ‘उंबेर्तो डी.’ ही त्या जोडीची खरी कमाई.

या चित्रपटांना नववास्तववाद हे नाव पडलं आणि नावामागचा रोखठोक व्यवहार झाकला गेला. युद्ध संपलं तेव्हा रोममधला चिनेचित्ता हा मोठा स्टुडिओ निर्वासितांची छावणी झाला होता. कच्च्या फिल्मची टंचाई, पैशाची त्याहून मोठी. कॅमेरा रस्त्यावर आला त्यात तत्त्व होतं, तशी गरजही होती. मोठेपण हे की या माणसांनी गरजेतून शैली घडवली. अंतोनिओच्या भूमिकेसाठी हॉलिवूडचा निर्माता सेल्झनिक केरी ग्रँटला घ्या म्हणत होता. डी सिकाने घेतला लांबेर्तो माज्जोरानी, ब्रेडा कारखान्यातला कामगार. मुलाच्या भूमिकेतला एन्झो स्तायोला त्याला चित्रीकरण बघायला जमलेल्या गर्दीत सापडला. ‘उंबेर्तो डी.’मधला पेन्शनर म्हातारा म्हणजे कार्लो बात्तिस्ती, भाषाशास्त्राचा प्राध्यापक.

पण हाच डी सिका एरवी व्यावसायिक चित्रपटांतून भरपूर कामं करत होता. त्याने नट म्हणून दीडशेच्या वर चित्रपट केले. जुगाराचा नाद होता. ‘उंबेर्तो डी.’ तिकीटबारीवर पडला. तेव्हा सरकारात चित्रपटांचं खातं सांभाळणाऱ्या जुलिओ आंद्रेओत्तीने जाहीर पत्र लिहून त्याला सुनावलं. देशाचं असं उदास चित्र जगापुढे मांडणं ही देशाची सेवा नव्हे, असा त्याचा सूर होता. (आपल्याकडे १९८० मध्ये नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर गरिबी परदेशात दाखवत असल्याचा आरोप केला. वेगळ्या देशात, वेगळ्या दशकात, तेच दुखणं.) त्यानंतर डी सिकाने सोफिया लॉरेनला घेऊन मोठे, लोकप्रिय चित्रपट केले. १९६० च्या ‘टू विमेन’ने लॉरेनला ऑस्कर मिळालं, १९६३ च्या ‘यस्टर्डे, टुडे अँड टुमॉरो’ने त्याच्या नावावर आणखी एक. समीक्षकांनी त्याला विकला गेलेला म्हटलं. मग १९७० मध्ये ‘द गार्डन ऑफ द फिंझी-कोंतिनीज’ आला, फॅसिस्ट कायद्यांखाली हळूहळू घेरल्या जाणाऱ्या ज्यू घराण्याची गोष्ट, आणि बर्लिनचं सुवर्ण अस्वल व ऑस्कर दोन्ही घेऊन गेला. १३ नोव्हेंबर १९७४ रोजी पॅरिसजवळ त्याचा मृत्यू झाला.

ही कारकीर्द इतक्या तपशिलात सांगायचं कारण असं, की आपल्याकडे कलात्मक आणि धंदेवाईक अशी दोन टोकं कल्पून दिग्दर्शकाला एका टोकाला बांधून टाकायची सवय आहे. डी सिका दोन्हीकडे ये-जा करत राहिला. नट म्हणून लोकांना हसवता हसवता त्याला माणसाच्या चालण्या-बसण्याची जी जाण आली, तीच त्याने कारखान्यातल्या कामगाराच्या अंगी उतरवली. न-नटाकडून काम काढणारा दिग्दर्शक मुळात फर्डा नट होता, हा योगायोग नव्हे.

आणि एक काळी बाजू. ‘बायसिकल थीव्ज’ जगभर गाजला, १९५२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो सर्वोत्तम चित्रपट ठरला. माज्जोरानी मात्र कारखान्यात परतला तेव्हा थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. पुढे किरकोळ भूमिका मिळत राहिल्या, पण अंतोनिओसारखी पुन्हा नाही. ज्याच्या बेकारीची गोष्ट सांगून सिनेमा मोठा झाला, तो खरोखरच बेकार झाला. न-नटांना घेऊन काम करणाऱ्या प्रत्येक दिग्दर्शकाने, आपल्याकडच्यानेही, हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा असा आहे.

*

‘बायसिकल थीव्ज’ मुंबईत पोचला तो जानेवारी १९५२ मध्ये, भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. बिमल रॉय यांनी तो तिथे पाहिला आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. राय यांनी त्याआधीच, १९५० मध्ये, लंडनमध्ये पाहिला होता. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे, की भारतीय वास्तववाद जणू विमानाने रोमहून आला असं वाटावं.

मराठी माणसाने इथे जरा अडायला हवं. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा. सावकाराच्या कागदापायी जमीन गेलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो, ही त्याची गोष्ट, आणि त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. ‘दो बिघा जमीन’च्या अठ्ठावीस वर्षं आधी आणि ‘बायसिकल थीव्ज’च्या तेवीस वर्षं आधी कोल्हापूरच्या एका चित्रकाराने ही वाट धरली होती. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला; त्यातही दामले-फत्तेलालांनी संताच्या चमत्कारांइतकंच जिजाईच्या चुलीला आणि करवादण्याला महत्त्व दिलं होतं. तेव्हा आपल्याकडे हे बी नव्हतंच असं नाही. मधली काही दशकं त्याला पाणी मिळालं नाही.

ते मिळू लागलं १९७० नंतर. चित्रपट संस्थांची चळवळ, मुंबईत १९६८ पासून चाललेलं प्रभात चित्र मंडळ, पुण्याचं चित्रपट संग्रहालय यांनी पाहणाऱ्यांची एक पिढी तयार केली. जब्बार पटेलांच्या ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ने राजकारण पडद्यावर आणलं. पण आज आपण ज्याला नवा मराठी सिनेमा म्हणतो, त्याची वाट मोकळी केली २००४ च्या ‘श्वास’ने. तिथून पुढची रांग मोठी आहे: ‘टिंग्या’, ‘गाभ्रीचा पाऊस’, ‘विहीर’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘कोर्ट’, अलीकडचे ‘स्थळ’ आणि ‘साबर बोंडं’. यांतले बरेचसे चित्रपट डी सिकाच्या शाळेतले आहेत: खरी जागा, खरे किंवा नवखे चेहरे, लहान मूल मध्यभागी, आणि एक वस्तू किंवा जनावर जिच्यावर घरादाराचा जीव टांगलेला.

वस्तूचीच गोष्ट घ्या. मराठीत सायकलीचेच दोन चित्रपट आहेत आणि ते डी सिकाशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) पंढरपूरच्या ज्ञानेशची सायकल विकायची वेळ येते, कारण कर्जापायी आईचं विणकामाचं यंत्र जप्त झालंय. पोरं कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. इथली गरिबी खरी आहे, हिशेब रुपयांत मांडलेला आहे, आणि पोरांची भाषा अस्सल पंढरपुरी आहे. प्रकाश कुंटेंच्या ‘सायकल’मध्ये (२०१८) कोकणातल्या केशवची लाडकी पिवळी सायकल चोर पळवतात. वाटेत जो तो त्या चोरांना केशवचे स्नेही समजून पाहुणचार करतो, आणि चोर विरघळतात. गोड चित्रपट आहे. पण इथेच फरक कळतो. ‘एलिझाबेथ’मध्ये सायकल गेली तर घरावर काय ओढवेल हे आपल्याला माहीत असतं. ‘सायकल’मध्ये ती गेली तर मन दुखेल, चूल विझणार नाही. डी सिकाच्या जगात चांगुलपणा पुष्कळ आहे. अंतोनिओला पकडणारा सायकलमालकसुद्धा मुलाकडे पाहून त्याला सोडून देतो. फक्त त्या चांगुलपणाने सोमवारची नोकरी परत मिळत नाही. हे कडूपण मराठी चित्रपटाला सहसा पेलत नाही. आपल्याला शेवटी माणूस चांगला निघायला हवा असतो, आणि तो चांगला निघाला की प्रश्न सुटला असं आपण धरून चालतो.

ते पेललं नागराज मंजुळेंनी. ‘फँड्री’त (२०१३) डुकराच्या मागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं, आणि डुक्कर निसटतं. एकही संवाद नाही. जात, देश, शिस्त, लाज, सगळं एका थांबलेल्या क्षणात. मराठी सिनेमात नववास्तववादाने गाठलेलं हे सगळ्यात उंच ठिकाण आहे असं मी मानतो, कारण इथे दिग्दर्शकाने दया मागितलेली नाही.

मात्र ही रांग पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला. पंढरपूर, कोकण, नगरकडचं गाव, विदर्भातलं गाव, जुन्नरचा डोंगर. मराठी वास्तववादाचा पत्ता जवळजवळ नेहमी गावचा असतो. डी सिकाकडून आपण साधेपणा घेतला, मूल घेतलं, न-नट घेतले. त्याचं शहर तेवढं घेतलं नाही. शहराच्या टोकाची वस्ती तर नाहीच.

*

दोन अपवाद आहेत, आणि दोन्ही शिकवून जातात.

पहिला निशिकांत कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५). माधव आपटेची सुरुवातीची मिनिटं आठवा: गजर, आंघोळ, डबा, स्टेशन, गाडी, बँक, पुन्हा गाडी, पुन्हा गजर. तेच ते, पुन्हा पुन्हा, वाढत्या वेगाने. उपनगरी आयुष्याची इतकी नेमकी लय मराठी पडद्यावर आधी आली नव्हती. मग आपटेचा तोल जातो, हातात बॅट येते आणि चित्रपट हॉलिवूडच्या ‘फॉलिंग डाउन’च्या वाटेने जातो. संदीप कुलकर्णींचा अभिनय शेवटपर्यंत धरून ठेवतो, पण पहिल्या दहा मिनिटांत जे खरं होतं ते नंतर उरत नाही. गर्दीतला माणूस पाहण्याजोगा व्हायला त्याने बॅट उचललीच पाहिजे, असा एक अविश्वास त्यात आहे. न उचलणाऱ्या बाकीच्या हजारो आपट्यांचं काय? ते पुढच्या गाडीने कामावर गेले.

दुसरा चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४). व्हेनिसच्या ‘ओरिझोन्ती’ विभागात तो सर्वोत्तम ठरला, पदार्पणासाठीचा पुरस्कारही त्याला तिथेच मिळाला. लोकशाहिरावरच्या खटल्याबद्दल त्यावर खूप लिहिलं गेलंय. मला मोलाची वाटते ती सरकारी वकीलबाईंची संध्याकाळ. गीतांजली कुलकर्णींची ही वकीलबाई कोर्टातून निघते, लोकलमध्ये शेजारणीशी घरगुती गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाक करते, वाढते. कथेला या दृश्यांची गरज नाही. आणि तरी त्यांच्यावाचून चित्रपट अर्धा झाला असता, कारण दिवसभर कायद्याची जुनाट कलमं वाचून दाखवणारी बाई खलनायिका नाही, आपल्या बिल्डिंगमधली आहे, हे त्या पोळ्यांच्या तव्यापाशी कळतं.

याचा पूर्वज ‘उंबेर्तो डी.’मध्ये आहे. घरकाम करणारी कोवळी मारिया सकाळी उठते. स्वयंपाकघरात येते, काडी ओढून गॅस पेटवते, खिडकीतून छपरावरच्या मांजराकडे पाहते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते. मग कॉफी दळायचं यंत्र मांडीत धरून बसते आणि बसल्या बसल्या पाय लांब करून अंगठ्याने दार लोटते. मध्येच तिचा हात पोटाकडे जातो. लग्नाआधीच ती गरोदर आहे, आणि डोळ्यांत पाणी येतं. दळणं थांबत नाही. घडतं काहीच नाही, आणि आपण एका मुलीचं सगळं आयुष्य पाहून उठतो. ज्याच्या आयुष्यात काहीच घडत नाही अशा माणसाची नव्वद सलग मिनिटं दाखवावीत, असं झावात्तिनीचं स्वप्न होतं. ‘कोर्ट’ने त्यातली काही मिनिटं मराठीत आणली. विरार लोकलमध्ये अशी नव्वद मिनिटं रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा असतात, फुकट.

*

आता वसई-विरार. कॅमेरा इथे येत नाही असं कुणी म्हणू नये. वसईचा किल्ला हिंदी चित्रपटांना केव्हाचा ठाऊक आहे. १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेलेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेली ही वास्तू. कमानींना मुळं लटकलेली, चर्चची छपरं उडालेली. ‘जोश’सारख्या चित्रपटात ती गोव्याच्या कथेला जागा देते, प्रेमगीतांत कुठलाही ‘जुना महाल’ होते. २०१६ मध्ये आलेल्या कोल्डप्लेच्या गाण्याच्या चित्रफितीत ती जगभर गेली, ‘भारत’ म्हणून. नायगाव-कामणकडे मालिकांचे सेट आहेत. तिथे राजवाडे उभे राहतात, जळतात, मालिका संपली की प्लायवूड भंगारात जातं. वसईने आतापर्यंत गोवा केला, राजस्थान केला, अरबस्तान केला. वसईची भूमिका तेवढी तिला कुणी दिली नाही.

नुसती तक्रार करून भागणार नाही, कारणं पाहायला हवीत.

पहिलं कारण आठवणीचं. मंजुळे किंवा ‘स्थळ’चे जयंत सोमलकर गावाबद्दल बोलतात, कारण ते त्यांच्या अंगातलं आहे. खरा वास्तववाद जगलेल्या आठवणीतून येतो. वसई-विरारचं आजचं रूप त्यामानाने कोवळं आहे. चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली २००९ मध्ये. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर होती आणि त्यानंतर ती कुठे गेली ते गाडीत चढणाऱ्याला सांगावं लागत नाही. इथल्या चाळीत जन्मलेलं, इथल्याच शाळेत शिकलेलं पोर आता कुठे पंचविशी-तिशीत येतंय. बालपणाची आठवण गावाकडची आणि आयुष्य उपनगरातलं, अशा फाटलेल्या पिढीने आतापर्यंत सिनेमे लिहिले. त्यात उपनगर ही राहायची जागा होती, आठवणीची नव्हे.

दुसरं कारण भाषेचं, आणि ते अधिक अवघड आहे. नालासोपाऱ्याच्या एका मजल्यावर मालवणी, भोजपुरी, गुजराती आणि मुंबईची हिंदी नांदते. पश्चिमेला गावठाणांत वाडवळी आणि कुपारी ख्रिस्ती समाजाची सामवेदी, अर्नाळा-पाचूबंदरला कोळ्यांची बोली, पूर्वेला डोंगराकडे वारली. ‘मराठी चित्रपट’ म्हटलं की तो सगळा मराठीत असावा अशी अपेक्षा असते, अनुदानाच्या कागदावर आणि प्रेक्षकाच्या मनातही. इथला माणूस तर दिवसातून चार वेळा भाषा बदलतो. ‘कोर्ट’ने मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सरमिसळ वापरली आणि तरी तो मराठीच राहिला. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ने (२०२४) मल्याळी परिचारिकांच्या नजरेने मुंबई दाखवली, आणि त्यात बिल्डरने घराबाहेर काढलेली छाया कदमांची पार्वती रत्नागिरीकडच्या गावाला परत जाते. उपनगरी मुंबईचं इतकं ओलं चित्र मराठीबाहेरून यावं, हे मराठी दिग्दर्शकांनी मनाला लावून घेण्यासारखं आहे.

तिसरं कारण देखणेपणाचं. गावाला क्षितिज असतं, पीक असतं, पाऊस येताना दिसतो. चाळीला यातलं काही नाही. रेल्वेत चित्रीकरण करायचं तर परवानगी, भाडं, अनामत, आणि वेळ मिळणार गर्दी नसतानाची, म्हणजे खोटी. पण डी सिकाची गोष्टच अशी आहे की त्याने ओंगळातून देखणेपण काढलं. गहाणवटीचं दुकान आठवा. सायकल सोडवायला मारिया घरातल्या चादरी गहाण टाकते. कारकून गठ्ठा घेतो आणि मागच्या फडताळावर चढू लागतो. कॅमेरा त्याच्याबरोबर वर वर जातो, आणि आपल्याला दिसतात छतापर्यंत रचलेले इतरांच्या चादरींचे गठ्ठे. एका घराची अडचण पाहता पाहता एका शहराची अडचण दिसते. एवढ्यासाठी ना क्षितिज लागलं ना पीक. विरारच्या सोनाराच्या दुकानातली तारणाची वही, इमारत अनधिकृत असल्याची नोटीस जिन्यात लागल्यावर मजल्यामजल्यावर उघडणारी दारं, जुलै २०१८ सारख्या पावसात रुळांवर पाणी चढून नालासोपाऱ्याला गाड्या थांबल्यावर रुळांतून चालत निघालेली रांग. यात फडताळ कुठे आहे ते शोधायला हवं. शोधणारा डोळा बाहेरचा असेल तर त्याला यात बातमी दिसेल. ‘बायसिकल थीव्ज’मधला छोटा ब्रुनो सायकल पुसताना पेडलवरचा पोचा पाहतो आणि गहाणवाल्यांनी पाडलाय म्हणून बापाशी कुरकुरतो. बातमी सायकलपर्यंत पोचते; त्या पोच्यापर्यंत पोचायला घरातलं मूल लागतं.

तशी मुलं आता आहेत. सामवेदी बोलीतली गाणी, छोट्या चित्रफिती यूट्यूबवर येतात. ख्रिस्ती गावांत सणाला नाटकं बसवायची सवय जुनी आहे, तेव्हा नटांचाही तोटा नाही. कॅमेरा खिशात आला आहे. पण बोलीतल्या बहुतेक चित्रफिती एक तर विनोदाच्या असतात, नाही तर स्मरणरंजनाच्या: केळीच्या बागा, पानाचे मांडव, लाल लुगडं, जुनी घरं. आपली बोली जपायची म्हणजे तिच्यात जुनंच बोलायचं, असा एक गैरसमज इथे मुरलेला आहे. त्या बागेत आज इमारत उभी आहे आणि बाग विकणाऱ्याचा नातू तिच्या बाराव्या मजल्यावर राहतो. त्याची गोष्ट त्याच बोलीत कोण सांगणार? पश्चिमेच्या वाडीतला कुपारी आणि पूर्वेच्या चाळीतला लाइटमन एकाच फलाटावरून गाडी पकडतात. दोघांना एका चौकटीत आणणारा चित्रपट हा या गावाचा पहिला खरा चित्रपट असेल.

*

‘बायसिकल थीव्ज’च्या रचनेतली एक गोष्ट मला उशिरा उमगली. चित्रपट सुरू होतो तो नोकरीसाठी जमलेल्या गर्दीत. नाव पुकारलं जातं आणि अंतोनिओ सापडत नाही. तो दूर बसलेला असतो, कुणीतरी धावत जाऊन त्याला घेऊन येतं. शेवटी स्टेडियमबाहेर तो स्वतः सायकल चोरतो, पकडला जातो, लोक त्याला मुलादेखत चापट्या मारतात, आणि सोडून देतात. बाप रडतो. ब्रुनो त्याचा हात धरतो. दोघे सामना पाहून परतणाऱ्या गर्दीत मिसळतात आणि मागून पाहता पाहता दिसेनासे होतात. सुरुवातीला गर्दीतून शोधून काढलेला माणूस शेवटी गर्दीला परत केला जातो.

आपला सिनेमा बहुधा पहिलं अर्धं करतो. गर्दीतून एक माणूस उचलतो आणि मग त्याला इतका वेगळा करतो, की त्याला परत जायला गर्दीत जागा उरत नाही. त्याच्या हातात बॅट येते किंवा त्याचं भलं होतं. परत करण्यासाठी दिग्दर्शकाचा त्या गर्दीवर विश्वास लागतो: हा एक पाहिला, आता यातला कुणीही पाहता येईल, असा.

संध्याकाळी दादरला विरार फास्ट लागते तेव्हा दाराशी जी झुंबड उडते तिच्यात चेहरे वेगळे काढता येत नाहीत. पाठपिशव्या पोटाशी आलेल्या असतात. बोरिवली गेल्यावर जरा श्वास घेता येतो, भाईंदरच्या खाडीवर वारा लागतो, नायगावच्या आसपास कुणाची तरी पिशवी उघडते आणि मघाचे चामडी हातमोजे वर येतात, टोकं करपलेली. माणूस खिडकीला डोकं टेकून झोपलेला असतो. दिवसभर त्याने दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड धरलेला असतो. वसई येतं, नालासोपारा येतं. तो बरोबर वेळेवर जागा होतो, उतरतो, आणि पुलावरच्या गर्दीत दिसेनासा होतो.